आमचा शेरखान असा नव्हता

जुन्या कार्टूनवरचा ‘लाइव्ह ॲक्शन’ सिनेमा पाहून बाहेर पडलेला माणूस पार्किंगपर्यंत पोचायच्या आत एक वाक्य हमखास बोलतो : ‘आपल्या वेळचं वेगळं होतं.’ पूर्वी हे वाक्य आंबेमोहोर तांदूळ, एसटीचं भाडं आणि गावसकरचा स्ट्रेट ड्राइव्ह यांच्यासाठी राखीव होतं. ते म्हणायला किमान पन्नाशी गाठावी लागे. आता बत्तीस वर्षांची माणसं ते अस्वलाबद्दल म्हणतात.

‘द जंगल बुक’ 8 एप्रिल 2016 ला आपल्याकडे लागला. अमेरिकेत लागायच्या एक आठवडा आधी. मोगली आपला, तेव्हा पहिला मान आपला, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. परीक्षा संपल्या होत्या, थिएटरं भरलेली होती आणि प्रेक्षकांचे सरळ दोन गट होते. मुलं सिनेमा बघायला आली होती आणि आईबाप तपासायला. सेन्सॉर बोर्डाने त्याला यू/ए प्रमाणपत्र दिलं होतं. थ्रीडीमध्ये जनावरं अंगावर येतात, मुलं घाबरतील, असं म्हणणं होतं. आमच्या रांगेतली मुलं पॉपकॉर्न खात होती. शेरखानने पहिली झेप घेतली तेव्हा चष्मा काढून हातात घेणारे गृहस्थ चाळिशीचे होते.

मध्यंतरापासून मतं सुरू झाली. भालू जरा जास्तच भारी दिसतोय. बघीरा ठीक आहे, पण बघीराला ठीक नसायला काय झालं, काळा आहे आणि गप्प असतो. लांडग्यांची पिल्लं गोड. माझा नागपूरचा मेहुणा मात्र पडद्यावरच्या झाडांवर बोट ठेवून होता. ‘हे कुठलं जंगल हो भाऊजी? आमच्या पेंचला एप्रिलमध्ये साग उघडाबोडका उभा असतो. पायाखाली पानं कशी चुरचुरतात! इथे तर नुसतं कोकण माजलंय.’ त्याला सांगितलं, की हा अख्खा सिनेमा लॉस एंजेलिसमध्ये बंद जागेत घेतलाय, यात खरा फक्त तो नील सेठी नावाचा न्यूयॉर्कचा मुलगा, बाकी झाडापानांपासून पिसवांपर्यंत सगळं संगणकाचं. त्या मुलाला अभिनय करताना समोर काही असावं म्हणून बाहुल्या धरल्या होत्या. मेहुणा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, ‘तरीच. संगणकाला उन्हाळा कुठला माहीत!’

या सगळ्या मतांच्या मुळाशी एकच तक्रार होती : ‘मूळचं असं नव्हतं.’ आणि इथेच मला गंमत वाटायला लागली, कारण या प्रकरणात मूळ शोधायला निघालं की माणूस जंगलातच हरवतो.

आमच्या पिढीचं मूळ म्हणजे 1993 सालचं दूरदर्शन. रविवारी मोगली. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांचं संगीत, ते सुरू झालं की गल्लीतलं क्रिकेट जागच्या जागी थांबायचं. फलंदाज नाबाद. ही मालिका आम्ही इतकी आपली मानली, की ती जपानमध्ये तयार झाली आहे हे आम्हांला कित्येक वर्षं कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. त्या मोगलीच्या हातात बूमरँग होतं. कथा घडते त्या सिवनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियाचं हत्यार आलं कुठून, हा प्रश्न तेव्हा एकाही मुलाला पडला नाही. आम्ही घरातल्या लाकडी पट्ट्या फेकून बघितल्या. त्या परत आल्या नाहीत, आईच्या हातात मात्र आल्या.

तीच मुलं मोठी होऊन 2016 मध्ये म्हणत होती, की सिनेमात कथेशी प्रामाणिकपणा नाही.

बरं, त्यांच्याही मागे जाऊ. डिस्नेचं कार्टून 1967 चं. वॉल्ट डिस्नेने आपल्या कथालेखकाला किपलिंगचं मूळ पुस्तक दिलं आणि पहिली सूचना केली, की हे वाचायचं नाही, असं सांगतात. ती सूचना पाळली गेली असावी, कारण पुस्तकातला भालू जंगलाचा कायदा घोटून घेणारा कडक मास्तर आहे. चुकलं की चापट. कार्टूनमध्ये तो पाठ खाजवत गाणी म्हणणारा आळशी काका झाला. पुस्तकातला का नावाचा अजगर मोगलीच्या सुटकेला धावून येतो. कार्टूनमध्ये त्याला लुच्चा करून टाकलं. माकडांना राजा नाही, कायदा नाही, कशाची आठवणही राहत नाही, हीच तर किपलिंगच्या माकडांची सगळी अब्रू. डिस्नेने त्यांना किंग लुई नावाचा राजा दिला आणि तोही ओरांगउटान, जो हिंदुस्थानात औषधालाही सापडत नाही. पन्नास वर्षांनी नव्या सिनेमावाल्यांच्या मनाला ही चूक खात असावी. त्यांनी लुईला जायगँटोपिथेकस केलं, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला अवाढव्य वानर. आपल्याकडे नसलेलं माकड नको, म्हणून कुठेच नसलेलं आणलं. याला म्हणतात अचूकपणाचा ध्यास.

शिवाय कार्टून आधी आणि माणसांचा सिनेमा नंतर, हा क्रमही इथे खरा नाही. 1942 मध्येच झोल्टन कोर्डाने मोगलीवर सिनेमा काढला होता. त्यात म्हैसूरकडचा, माहुताचा मुलगा साबू मोगली झाला होता आणि बरीचशी जनावरं खरी होती. म्हणजे 1967 साली एखादे आजोबा चित्रगृहातून बाहेर पडताना नक्की म्हणाले असतील, ‘आमच्या वेळी वाघ खरा होता. आता नुसती चित्रं.’

आणि सगळ्याच्या तळाशी किपलिंग. जन्म मुंबईचा, 1865 चा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. पण 1894 चं हे पुस्तक त्याने लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, जिथे हिवाळ्यात खिडकीपर्यंत बर्फ साचतं. तिथे बसून त्याने सिवनीचा उन्हाळा रंगवला. नंतर हॉलिवूडच्या बंद खोलीत बसलेल्यांनी वेगळं काय केलं?

तरीही मी प्रेक्षकाच्या बाजूचा आहे. त्याला मूळ कळत नसेल, पण खटकलं कुठे ते बरोबर कळतं. ‘जंगल बुक’च्याच दिग्दर्शकाने, जॉन फॅवरोने, 2019 मध्ये ‘द लायन किंग’ पुन्हा केला तेव्हा हे दिसलं. त्यातही सगळं संगणकाचं. सुरुवातीचा सूर्योदयाचा एक शॉट तेवढा खरा, असं त्याने स्वतः सांगितलं. तरी त्याला ‘लाइव्ह ॲक्शन’च म्हणायचं. लाइव्ह असा त्यात कुणी नाही, पण रिवाज म्हणून. सिंह इतके हुबेहूब, की आयाळीतला केसन् केस वाऱ्यावर हलत होता. फक्त सिंबाचा बाप गेला तेव्हा सिंबाचा चेहरा जसाच्या तसा राहिला. खऱ्या सिंहाला भुवया नसतात, त्याला करायचं काय? 1994 च्या कार्टूनवाल्यांनी सिंहाला भुवया दिल्या, ओठ दिले, मान खाली घालायची माणसाची रीत दिली; ते साफ खोटं होतं आणि थिएटर रडलं. इथे सगळं खरं होतं आणि माझ्या शेजारची मुलगी आईला विचारत होती, ‘हा आता दुःखी आहे का?’ आईने शाहरुखच्या आवाजातल्या मुफासाकडे आणि मग पोरीकडे पाहून सांगितलं, ‘हो गं, संगीत ऐक ना.’

माझ्या मते ‘जंगल बुक’ जमला तो याच एका कारणाने. त्यात प्राण्यांच्या डोळ्यांत थोडी लबाडी ठेवली होती, आणि मध्ये एक खरं पोर होतं, ज्याच्याकडे बघून कुणाला काय वाटतंय ते कळायचं. ‘लायन किंग’ने तक्रारी ऐकत ऐकत 160 कोटी डॉलरांहून जास्त गल्ला केला, ही गोष्ट वेगळी. तक्रार करायलाही आधी तिकीट काढावं लागतं.

कधी कधी तक्रार कामीही येते. ‘सॉनिक’ हा व्हिडिओ गेममधला निळा हेजहॉग. 2019 मध्ये त्याच्या सिनेमाची झलक आली, तर त्याच्या तोंडात माणसासारखी दातांची कवळी! जगभरातून असा गिल्ला झाला, की निर्मात्यांनी सिनेमा नोव्हेंबरवरून फेब्रुवारीवर ढकलला आणि हेजहॉगचा चेहरा नव्याने केला.

आपल्या घरचा अनुभव पाहायचा तर चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991 पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली आणि 2012 मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी तिच्यावर सिनेमा केला. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, सगळे हाडामांसाचे. सिनेमा चांगला प्रसन्न होता. पण बाहेर एक आजी नातवाला म्हणाल्या, ‘चिंटूची आई छान आहे रे, पण ती चिंटूची आई नाही.’ मग कोण? रोज सकाळी चहाबरोबर चार रेघांची आई पाहिल्यावर उरलेल्या रेघा प्रत्येक घराने आपापल्या भरलेल्या असतात. आजींनी बहुधा स्वतःच्या भरल्या असतील. त्या रेघांच्या जागी कुठलीही अभिनेत्री आली असती, तरी ती परकीच.

या सगळ्या मतामतांत एका मागणीवर मात्र महाराष्ट्राचं एकमत होतं : शेरखानला नानाचाच आवाज हवा. दूरदर्शनवर नाना पाटेकरांचा शेरखान बोलायचा तेव्हा घरातली मोठी माणसंही पेपर खाली ठेवायची. 2016 च्या हिंदी आवृत्तीत भालूला इरफान, बघीराला ओम पुरी, का अजगराला प्रियांका चोप्रा अशी मोठी फौज उभी केली आणि शेरखानला खरोखर नानाच आणला. प्रसिद्धीसाठी ते जुनं गाणंही नव्याने केलं. इतकी वर्षं मागितलेलं सगळं मिळालं. आता बोलायला काय उरलं, असं मनात म्हणत मी गर्दीबरोबर जिना उतरत होतो, तर पुढचे दोघे मित्र बोलत होते.

‘नाना जबरदस्त रे.’

‘जबरदस्तच. पण काय आहे, तेव्हा तो शेरखान वाटायचा. आता नाना वाटतो.’