सारे काही कायदेशीर

सरकारी संस्थांवरचा लोकांचा विश्वास उडतो तो त्या बेकायदा वागतात म्हणून, असा एक भाबडा समज आपल्याकडे फार काळ टिकून आहे. हा समज खोडून काढण्याचे श्रेय महाराष्ट्राला द्यावे लागेल. २०२४ साल उजाडले तेव्हा राज्यातल्या २९ महापालिकांपैकी एकाही महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुंबई नाही, पुणे नाही, नागपूर नाही, अगदी इचलकरंजी आणि जालनाही नाही. या शेवटच्या दोघींचे तर विशेष कौतुक केले पाहिजे, कारण महापालिका म्हणून जन्माला आल्यापासून त्यांनी सभागृहाचे तोंडच पाहिले नव्हते. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपायच्या आत उरकायची. म्हणजे घटनेचे उल्लंघन झाले, यात वाद नाही. पण ते कोणी केले याचा शोध घ्यायला निघालात, तर रांगेने उभे असलेले सज्जन भेटतात, आणि त्यांतला प्रत्येक जण आपापल्या जागी पूर्णपणे कायदेशीर असतो.

ही रांग एकदा नीट पाहून घ्यावी. सर्वांत पुढे करोना. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नवी मुंबई या महापालिकांची मुदत २०२० च्या एप्रिल-मेमध्ये संपली, तेव्हा देश घरात कोंडलेला होता. तिथे निवडणूक घ्या असे कोणीही शहाणा माणूस म्हणाला नसता. करोनाच्या मागे सर्वोच्च न्यायालय. मार्च २०२१ मध्ये त्याने सांगितले की स्थानिक संस्थांत ओबीसींना राजकीय आरक्षण द्यायचे तर आधी आयोग नेमा, मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. आकडेवारी नव्हती. मग ओबीसी आरक्षणासाठी अध्यादेश आला, त्याला डिसेंबरमध्ये स्थगिती आली. मग विधिमंडळ पुढे सरसावले. ७ मार्च २०२२ रोजी, म्हणजे नेमकी ज्या दिवशी मुंबई महापालिकेची मुदत संपत होती त्याच दिवशी, विधानसभेने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारी विधेयके मंजूर केली. एकमताने. एरवी जे सदस्य कामकाजाच्या वेळापत्रकावरही एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, त्यांनी एका मुखाने होकार दिला. मे महिन्यात न्यायालयाने निवडणुका जाहीर करा म्हणून बजावले. जुलैमध्ये ही आकडेवारी गोळा करायला नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य झाला आणि आता अडथळा उरला नाही असे वाटेपर्यंत मधल्या सत्तांतरानंतर आलेल्या नव्या सरकारला ऑगस्टमध्ये आठवले की आधीच्या सरकारने मुंबईचे २२७ प्रभाग वाढवून २३६ केले आहेत, ते पुन्हा २२७ केल्याशिवाय लोकशाही पूर्ववत होणार नाही. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, ‘जैसे थे’चा आदेश झाला, आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे सगळे खरोखरच जैसे थे राहिले.

यात दोष कोणाचा? सरकार म्हणते, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. निवडणूक आयोग म्हणतो, सरकारकडून प्रभाग आल्याशिवाय आम्ही काय करणार. न्यायालयाने तारीख द्यायची, आणि कामाचा बोजा तर सर्वश्रुत आहे. विरोधी पक्ष म्हणतो, आम्ही सत्तेत नाही; आणि तो सत्तेत होता तेव्हा हेच वाक्य दुसऱ्या बाजूने ऐकू येत होते. या प्रकरणात दोन्ही आघाड्या आळीपाळीने सत्तेवर बसल्या, त्यामुळे पक्षपाताचा आरोप करायलाही जागा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की संस्थेची पत घालवायला कोणी खलनायक लागतच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता नियम पाळायचा आणि नागरिकाला पुढच्या खिडकीकडे पाठवायचे, एवढ्याने काम होते. चोर सापडला तर लोक चोरावर चिडतात, संस्थेवर नव्हे. चोरच सापडत नाही तेव्हा राग सगळ्या इमारतीवर जातो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. ओबीसींच्या जागांचा निकाल लागल्याशिवाय निवडणुका घेतल्या असत्या तर राज्यातला फार मोठा समाज पाच वर्षांसाठी आपल्या हक्काच्या जागांना मुकला असता. थोडा उशीर झाला तर काय बिघडले, असा हा युक्तिवाद. त्यातली काळजी खरी आहे. पण परिणाम काय झाला तो पाहा. आरक्षण किती टक्के असावे यावर वकील भांडत असताना सभागृहात ओबीसी शून्य टक्के होते, अनुसूचित जाती शून्य टक्के, महिलांचे ५० टक्के आरक्षण असूनही महिला शून्य टक्के, आणि खुल्या प्रवर्गालाही शून्यावर समाधान मानावे लागले. इतकी परिपूर्ण समता फुले, शाहू, आंबेडकरांच्या महाराष्ट्राने याआधी पाहिली नव्हती. शिवाय शेवटी झाले काय? ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की २०२२ पूर्वीची ओबीसी आरक्षणाची स्थिती धरून निवडणुका घ्या, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत उरका. जो तोडगा पाच वर्षांनी निघाला तो इतका सोपा होता की तो आधी कोणाला सुचला नाही, यावर विश्वास ठेवायला मोठे मन लागते. चार महिन्यांचेही पुढे ३१ जानेवारी २०२६ झाले, ती गोष्ट वेगळी. आणि याच काळात, याच शहरांत, याच मतदार याद्यांवर २०२४ ची लोकसभा झाली आणि विधानसभाही झाली. त्या वेळी यंत्रे, कर्मचारी, शाळांच्या खोल्या, पोलीस बंदोबस्त, सगळे वेळेवर मिळाले.

सभागृह नसताना आत काय चालले होते, हे खरे तर राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालायला हवे. मुंबईत प्रथा अशी की आयुक्त वार्षिक अर्थसंकल्प स्थायी समितीच्या अध्यक्षांना सादर करतात. समिती नाही, अध्यक्ष नाही, म्हणून अतिरिक्त आयुक्त तो प्रशासकांना सादर करू लागले. प्रशासक कोण? आयुक्त. म्हणजे आयुक्तांच्या कार्यालयात तयार झालेला अर्थसंकल्प आयुक्तांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने आयुक्तांना द्यायचा, आयुक्तांनी तो प्रशासक या नात्याने तपासायचा आणि आयुक्त या नात्याने राबवायचा. मतभेदाचा प्रश्नच उद्भवला नाही. २०२२-२३ मध्ये हा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटी रुपयांचा होता, २०२५-२६ मध्ये तो ७४,४२७ कोटींवर गेला. मधल्या वर्षांत अनेक कोटींची रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे निघाली, शहर विभागाच्या कंत्राटदाराचे कंत्राट रद्द करण्याचीही वेळ आली, आणि या साऱ्यावर सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. मुख्यालयातली रिकामी जागा अगदीच वाया जाऊ नये म्हणून जुलै २०२३ मध्ये उपनगरच्या पालकमंत्र्यांना तिथे दालन मिळाले. लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याची सोय, असे कारण देण्यात आले. लोकांची गाऱ्हाणी ऐकायला मुंबईत १८८८ च्या कायद्यापासून एक व्यवस्था आहे, हे बहुधा विस्मरणात गेले असावे.

आता दुसरा आक्षेप, जो चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिनीच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे ऐकू येत होता: नगरसेवक गेले ते बरे झाले. टक्केवारी गेली, पेव्हर ब्लॉक दर दोन वर्षांनी उखडणे गेले, शिकला-सवरलेला आयएएस अधिकारी शांतपणे काम करतो आहे. नगरसेवकांची बाजू घेणे हे या महाराष्ट्रात तसे धोक्याचे काम. टक्केवारी होती, नातेवाइकांची कंत्राटे होती, स्थायी समितीत कोणकोणते पदार्थ शिजत हेही सर्वांना ठाऊक आहे. पण टक्केवारी गेली हे कशावरून कळले? पूर्वी ती असल्याचे कळत होते, कारण विरोधी नगरसेवक सभागृहात कागद फडकवून ओरडत होते. मग ओरडणारा उरला नाही, म्हणून शांतता होती. शांततेला स्वच्छतेचा पुरावा मानायचे असेल तर स्मशान हे सर्वांत स्वच्छ कारभाराचे ठिकाण म्हणावे लागेल. भ्रष्ट नगरसेवकाचे एक मोठे वैशिष्ट्य आपण विसरतो. त्याला दार असते. त्या दारावर सकाळी जाऊन तुंबलेल्या चेंबरबद्दल शिव्या देता येतात, आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. प्रशासकाला घरी बसवता येत नाही. त्याची बदली होते, ती मंत्रालयाला वाटेल तेव्हा, आणि तिचा तुमच्या चेंबरशी काडीचा संबंध नसतो.

या संदर्भात एका सरकारनियुक्त सदस्याची आठवण ठेवण्याजोगी आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. निवडून आलेले नव्हे, इंग्रज सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवण्यावर पैसा खर्च करायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. खर्च त्यामुळे थांबला नाही. पण परक्या राजवटीत, नेमणुकीच्या खुर्चीवर बसूनही नाही म्हणता आले, कारण नाही म्हणण्याची एक जागा अस्तित्वात होती. स्वतंत्र महाराष्ट्रात आपण तीच जागा काही वर्षे कुलूप लावून ठेवली, आणि दरवर्षी ११ एप्रिलला त्यांच्या पुतळ्याला हार घालायला प्रशासकांनाच पाठवले.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, कारण तो लोकांच्याच तोंडचा आहे. लोकांना तरी कुठे काय वाटले? निवडणूक घ्या म्हणून एकही मोठा मोर्चा निघाला नाही. नळाला पाणी येत होते, कचऱ्याची गाडी येत होती, २०२४ च्या मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पाही खुला झाला. मग पत गेली कुठे? माझे उत्तर असे की हीच तर गेलेली पत. ज्या संस्थेचे सभागृह जवळजवळ सहा वर्षे बंद राहिले तरी कोणाला चुकल्याचुकल्यासारखे वाटत नाही, तिच्याबद्दल लोकांचे मत काय आहे हे विचारायला सर्वेक्षण लागत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत आधीचे मतदान एप्रिल २०१५ मध्ये झाले होते, त्यानंतरचे जानेवारी २०२६ मध्ये. त्या २०१५ च्या मतदानानंतर महिनाभराने अठरा वर्षांचा झालेला मुलगा आपल्या शहराच्या कारभाराबद्दल पहिले मत देईपर्यंत अठ्ठावीस वर्षांचा झाला. तेवढ्यात त्याने पदवी घेतली, नोकरी धरली, कदाचित लग्नही केले, आणि या सगळ्यात महापालिकेने त्याला एकदाही काही विचारले नाही. त्याने आता महापालिकेला आपली मानावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. दरम्यान चौकाचौकांत फ्लेक्स मात्र लागत होते, त्यांवर माजी नगरसेवक होते आणि भावी नगरसेवक होते. वर्तमानकाळ तेवढा गैरहजर होता.

अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या मतदारांपैकी काहींच्या वाट्याला तेवढेही आले नाही, कारण राज्यभरात साठांहून अधिक उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले होते. इतक्या वर्षांनी मिळालेली संधी आणि विरोधात उभे राहावेसे कोणालाच वाटले नाही, असा अलौकिक एकोपा त्या प्रभागांत कुठून आला, याचा उलगडा ज्याने त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे करावा. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी प्रभाग चार सदस्यांचे. पुण्याच्या मतदाराने २००२ मध्ये प्रभागातून तीन निवडले, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार, आणि आता पुन्हा चार. प्रत्येक सरकारने आकडा बदलताना कारभार सुधारेल असे सांगितले. चार नगरसेवकांची सोय अशी की गटार तुंबले तर प्रत्येकाकडे बोट दाखवायला तिघे जण तयार असतात. सरकार, आयोग आणि न्यायालय यांच्यात जे इतकी वर्षे चालले, ते आता प्रभागाच्या पातळीपर्यंत पोचवण्यात आले आहे, त्याला विकेंद्रीकरण म्हणायला हरकत नाही.

तरीही सभागृहे भरली, ही गोष्ट चांगलीच झाली, आणि या सदरात चांगल्या गोष्टीची नोंद क्वचित होते म्हणून ती मुद्दाम करतो. या सभागृहांची मुदत २०३१ मध्ये संपेल. त्याआधी २०२७ ची जनगणना आहे, तिच्यात जातीही मोजल्या जाणार आहेत, म्हणजे प्रभाग नव्याने आखावे लागतील, आरक्षणाचे टक्के नव्याने ठरतील, आणि न्यायालयात जायला कारणांचा तुटवडा भासणार नाही. तेव्हा वाचकहो, पाणी, रस्ते, कचरा यांबरोबर आपल्या नगरसेवकाला आणखी एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवा: पुढची निवडणूक वेळेवर व्हावी म्हणून तुम्ही सभागृहात कोणता ठराव मांडणार आहात? चार नगरसेवक असतील तर चौघांनाही वेगवेगळे गाठून विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.