दोन शून्यांची बेरीज

भिवंडीत एकाच पगारावर जगणारा माणूस सापडला, तर त्याचा नगरपालिकेने... चुकलो, आता महानगरपालिका आहे... तर महानगरपालिकेने त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. सकाळी शाळेत शिकवणारे गुरुजी संध्याकाळी क्लास घेतात. गोदामाच्या गेटवरचा वॉचमन सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या खोल्या दाखवत फिरतो. बँकेतल्या कॅशियरचे चार साचे, म्हणजे यंत्रमाग, भावाच्या नावाने रात्रंदिवस धडधडत असतात. २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपनीचंही काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवलं, तेव्हा देशभर चर्चा झडल्या. वंजारपट्टी नाक्यावर मात्र कोणाला कळेना, यात बातमी काय आहे.

आमचे एक शेजारी मानकोलीच्या एका गोदामात मॅनेजर आहेत. वर्षाचा पगार साडेअकरा लाख. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात पावणेअकरा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत करमाफी, म्हणून कंपनी त्यांचा एक छदाम कापत नाही. म्हणजे सुखी माणूस. पण सुखी माणसाला भिवंडीत टेम्पो घ्यावासा वाटतो. यांनी दोन घेतले, दोन्ही छोटे हत्ती. ते एका ट्रान्सपोर्टरकडे लावले आणि ट्रान्सपोर्टरने ते नेमके यांच्याच गोदामात लावले. त्यामुळे दिवसा साहेब या नात्याने ते स्वतःच्याच ड्रायव्हरवर ‘गाडी मागे घे’ म्हणून खेकसतात, आणि रात्री मालक या नात्याने ‘साहेबांचं मनावर घेऊ नकोस’ म्हणून त्याची समजूत काढतात.

ट्रान्सपोर्टरही कर कापत नाही. दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लिहून देऊन पॅन नंबर दिला, की भाडं पूर्ण हातात. इकडे शून्य, तिकडे शून्य. आमच्या शेजाऱ्यांनी शाळेत शिकल्याप्रमाणे बेरीज केली आणि निवांत झोपले.

आता सरकारची टेम्पोवरची श्रद्धा पाहा. आयकर कायद्यानुसार (जुन्या कायद्यात कलम ४४ एई) छोट्या मालवाहू गाडीचं उत्पन्न महिन्याला ७,५०० रुपये धरून चालतात. गाडीची मालकी त्या महिन्यात थोडेच दिवस असली तरी महिना पूर्ण धरायचा. अंजूरफाट्याला तीन तास अडकलेला टेम्पो कमावतोय. इंजिन उतरवून गॅरेजात विटांवर उभा असलेला टेम्पो कमावतोय. ड्रायव्हर होळीला गावी जाऊन आंब्याच्या मोसमापर्यंत परतला नाही, तरी टेम्पो कमावतोय. इतका विश्वास बापाचा पोटच्या पोरावर नसतो. खरोखरच जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवा, तेवढी मोकळीक आहे.

दोन टेम्पोंचे वर्षाचे झाले एक लाख ऐंशी हजार. पावणेअकरात मिळवले की साडेबारा लाख पाच हजार. बारा लाखांची रेघ ५५ हजारांनी ओलांडली. नेहमीच्या टप्प्यांनी कर ६८,२५० होतो. पण सरकार दयाळू आहे. रेघेच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर ते घेत नाही. म्हणजे ते ५५ हजार सगळेच्या सगळे घेतं, आणि त्यावर चार टक्के उपकर. एकूण ५७,२००. एकच टेम्पो असता तर कर शून्य होता. दुसऱ्याने कागदावर ९० हजार कमावले आणि त्यातले ५७,२०० दिल्लीला पोचते केले. प्रत्यक्षात त्याने काय कमावलं ते विचारू नका, बँकेचा हप्ता भरून शेजाऱ्यांचा आवाज बसलाय.

हा हिशेब मांडणाऱ्या त्यांच्या सीएने आणखी सांगितलं की कर दहा हजारांच्या वर जाणार असेल तर तो वर्षभरात आगाऊ भरायचा असतो : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. चुकलात तर महिन्याला एक टक्का व्याज. कापडाचं छोटं दुकान अंदाजे नफ्याच्या योजनेत असतं, तर १५ मार्चला एकदाच भरून भागलं असतं. टेम्पोला ती सवलत नाही.

सोपा मार्ग कायद्यातच आहे. इतर उत्पन्न कंपनीला लेखी कळवायचं, कंपनी पगारातूनच सगळा कर कापते, हप्त्यांची कटकट संपते. फक्त ‘माझे दोन टेम्पो आहेत आणि ते आपल्याच गेटवर उभे आहेत’ एवढं एचआरच्या मॅडमना कळवावं लागतं. शेजाऱ्यांनी तो कागद भरला, वाचला आणि खिशात ठेवला. दोन शर्ट धुऊन झाले, कागद अजून खिशातच आहे.

मग त्यांनी विचारलं, ‘खरा हिशेब दाखवला तर? डिझेल, ड्रायव्हर, हप्ता, टायर... मी तोट्यात आहे हो!’ दाखवा की. वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या. तोटा निघाला तर तो पगारातून वजा होणार नाही. पुढची आठ वर्षं धंद्यात नफा व्हायची वाट बघत तो सांभाळायचा. थोडक्यात, नफा झाला की नोकरदार आणि टेम्पोवाला हे एकच गृहस्थ. तोटा झाला की सरकार दोघांना ओळखही दाखवू देत नाही. आणि नुसता नोकरदार जुनी-नवी करप्रणाली दर वर्षी बदलू शकतो. धंदा असलेला माणूस एकदा जुनीत गेला, की नवीत परतायची संधी त्याला धंदा चालू असेपर्यंत एकदाच.

त्यात भर म्हणजे, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू. कलमं ८१९ होती, आता ५३६. सीए बिचारा जुने नंबर आत्ता कुठे पाठ करून बसला होता.

शेवटी निघाला तो रामबाण, जो भिवंडीत प्रत्येक पानपट्टीवर फुकट मिळतो : ‘दुसरा टेम्पो वहिनींच्या नावावर करा.’ ही सूचना कायदा करणाऱ्यांनी केव्हाच ऐकलेली आहे. नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर काही केलं, तर त्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच डोक्यावर. अज्ञान मुलाच्या नावावर केलं, तरी आई-बापांपैकी एकाच्या. सासूने सुनेला काही दिलं, तर कमाई सुनेची आणि कर सासूला. हे कलम लिहिणारा एकत्र कुटुंबात वाढलेला असणार. पण मुलाने आईला दिलेल्याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. आईबद्दल सरकारच्या मनात संशय नाही.

म्हणून एप्रिलपासून दुसरा टेम्पो आईंच्या नावावर झाला. अट एकच, व्यवहार खरा हवा : आरसी त्यांची, खातं त्यांचं, भाडं त्यांच्याच खात्यात. आईंनी अट मनावर घेतली. पासबुक उशाशी असतं. डिझेलची पावती दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. जुना ड्रायव्हर काढून त्यांनी आपल्या भावाच्या मुलाला ठेवलंय, आणि गेल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांना बजावलं, ‘गेटवर माझी गाडी दोन-दोन तास थांबवतोस म्हणे. गाडी थांबवायचं भाडं कोण देणार, तुझी कंपनी की तू?’