पाच गुंठेवाले

नाताळची सुट्टी लागली, की आंबा घाटातून पुण्याच्या गाड्या रत्नागिरीकडे उतरू लागतात आणि त्यांतल्या निदान एका गाडीत पाच गुंठेवाले असतातच. त्यांना ओळखणं सोपं आहे. बाकीचे पर्यटक गाडीचं दार उघडलं की समुद्र कुठंय, जेवण कुठं चांगलं मिळतं, असलं काहीतरी विचारतात. हे उतरतात, कमरेवर हात ठेवतात, छाती भरून हवा घेतात आणि म्हणतात, "इकडे जागेचा काय भाव आहे हो?"

"किती हवी?"

"छे, फार नको. पाच गुंठे पुरे."

चार नाहीत, सहा नाहीत. पाच. त्या पाच गुंठ्यांत काय काय बसवायचं हेही ठरलेलं असतं. उतरत्या कौलांचं जांभ्या दगडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे विहीर, दोन हापूसची कलमं, चार माड, थोडी अळूची पानं आणि पडवीत झोपाळा. अंगण कोण सारवणार, असं विचारायचं नाही. झोपाळ्यावरून समुद्र मात्र दिसलाच पाहिजे. रत्नागिरीत समुद्र छान दिसेल अशा जागा आहेत, नाही असं नाही. पण त्यांवर आधीच कुणी किल्ला बांधलाय, कुणी दीपगृह.

पाच गुंठेवाल्यांचं वय पन्नास ते अठ्ठावन्न. "एकदा रिटायर झालो, की बस!" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते चालू असताना वहिनी मागे उभ्या राहून पर्समध्ये काहीतरी शोधत असतात. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडी काढणारा माणूस विहिरीचं पाणी शेंदण्याविषयी बोलतो, तेव्हा पर्समध्ये पाहिलेलंच बरं.

"आम्ही मूळचे इकडचेच," असं ते पहिल्या चहालाच सांगतात. पुरावा म्हणून आडनाव, कुलदैवत आणि कुळथाच्या पिठल्याची आवड पुढे करतात. पणजोबा संगमेश्वराकडचं कुठलंसं गाव सोडून गेले, एवढं त्यांना ठाऊक असतं. मग कधीतरी ते गाव सापडतं आणि सातबाराही निघतो. त्यावर इतकी नावं असतात, की वाचता वाचता चहा निवतो. निम्मे कैलासवासी, चौघे मुंबईला, एक दुबईला आणि उरलेल्यांचं आपसात बोलणं नाही. तो नाद सोडून दुसरी शेतजमीन घ्यावी म्हटलं, तर महाराष्ट्रात ती घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. पाच गुंठेवाल्यांची शेती म्हणजे बाल्कनीतला कढीपत्ता. 'बिनशेती प्लॉट घ्या,' म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. "त्यात कोकण कुठे आलं?"

त्यांचं कोकण फक्त डिसेंबरात असतं. सकाळी गुलाबी थंडी, दुपारी सुरूच्या बनातली सावली, संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर लाल गोळा. जुलैत इथे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, लाइट सकाळी जाते आणि तिला वाटेल तेव्हा येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेणारं हे गाव आहे, हे त्यांना सांगून पाहिलं. "अहाहा!" म्हणाले. पावसाचा आकडा ऐकून 'अहाहा' म्हणणाऱ्या माणसाला कौलं परतावी लागतात, हे कसं समजवायचं? माकडांविषयी सांगितलं, तर नातवंडांना मजा येईल म्हणाले. आमच्या शेजारचे आबा मात्र व्यवहारी. "घ्या की जागा. माकडांसकट घेनार आसाल तर भावात सूट देतो," म्हणाले.

बाजारात गेल्यावर ते हापूस मागतात. भर डिसेंबरात. इथे झाडाला नुकता मोहोर धरतोय, बागायतदार ढग आले की आकाशाकडे आणि तुडतुडे आले की फवारणीच्या बिलाकडे बघतोय आणि हे विचारतात, "पेटी नाही तर नाही, डझनभर तरी?" शेवटी आंबापोळी, फणसपोळी आणि आगळाची बाटली घेऊन परततात. मग मिरकरवाड्याच्या बंदरावर जातात. तिथे सुरमईचा भाव ऐकून "पुण्यात याहून स्वस्त मिळते," म्हणतात. तशातही घेतलीच, तर तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार निघतो. सुरमई फ्रीजमध्ये आणि पाच गुंठेवाले वालाच्या उसळीपुढे.

गाव दाखवायला नेलं, की रत्नागिरीचा इतिहास त्यांच्या स्वप्नाच्या आड येतो. थिबा राजवाड्यात ते वरच्या मजल्यावर उभे राहून म्हणाले, "बघा, ब्रह्मदेशाचा राजा, पण राहायला आला इथेच!" आला नव्हता, आणला होता. इंग्रजांनी 1885 साली त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं आणि 1910 मध्ये हा वाडा तयार झाला. 1916 मध्ये तो इथेच वारला. तोवर परत जाण्याची आशा काही सुटली नव्हती. पतितपावन मंदिरापाशी सावरकरांचा विषय निघाला. तेही 1924 ते 1937 रत्नागिरीत होते, कारण सरकारने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला बंदी केली होती. उरलं टिळकांचं जन्मघर. टिळक मात्र इथलेच, 1856 चा जन्म. पण दहा वर्षांचे असताना वडिलांची बदली झाली आणि बिऱ्हाड गेलं. कुठे? पुण्याला.

थोडक्यात, रत्नागिरीचा रिवाज असा, की बाहेरच्याला इथे सरकार आणून बसवतं आणि इथला माणूस संधी मिळाली की पुणं गाठतो. आपल्या पायांनी येऊन, वर पैसे मोजून राहू म्हणणारे एकटे पाच गुंठेवालेच. त्यांची थट्टा करतो खरी, पण आमच्या गावाकडे इतक्या प्रेमानं पाहणारं दुसरं कोण आहे? आम्ही समुद्राकडे बघतो ते वारा कुठला आहे हे पाहायला.

दोन जानेवारीला ते निघतात. डिकीत नारळ, कोकम आणि एक कलम असतं. ते कुंडीत लावायचं. काच खाली करून म्हणतात, "तेवढं पाच गुंठ्यांचं लक्षात असू द्या. काही कळलं तर फोन करा."

"करतो की," मी म्हणतो. "आणि तुमच्या सोसायटीत एखादा वन बीएचके भाड्यानं असेल तर बघा. मुलगा हिंजवडीला लागलाय. परत यायचं नाही म्हणतो."