आता एकच फेरी

मे उतरणीला लागला की खडकवासल्याच्या पाण्यावरची शिडं जरा घाईत असल्यासारखी वाटतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कॅडेट इथल्या पीकॉक बेमध्ये होड्या हाकायला शिकतात आणि त्यांचं सत्र मेअखेरच्या दीक्षान्त संचलनाबरोबर संपतं. तोवर धरणानेही तळ गाठायला घेतलेला असतो. वर वळीव टपलेला. सत्र, पाणी आणि हवा, तिघांचीही मुदत एकदमच भरते. अशा वेळी माणूस हमखास म्हणतो, "आता एकच फेरी." जगातले निम्मे उपद्व्याप या शेवटच्या फेरीतूनच झाले असावेत.

कोकणात हा मोह सरकारनेच मोडून काढला आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही मेअखेरीस थांबतात, त्या पावसाळा सरेपर्यंत. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, गोड बोलायचं आणि नव्याने सुरुवात करायची. खडकवासल्याला कुणी नारळ देत नाही. पुणेकर त्याला फक्त टीएमसी विचारतात. साखळीतल्या चारही धरणांचं मिळून जेमतेम 29 टीएमसी, त्यात एकट्या खडकवासल्याच्या वाट्याला 2 सुद्धा नाहीत. पण आकडे असे तोंडपाठ, जणू पाणी घरच्याच टाकीत मोजून ठेवलंय.

अलिबागकडचे आमचे एक मामा इथे आले होते. पहिल्यांदा ते धरणकाठाच्या 'चौपाटी' या नावाला हसले, मग भजी खाऊन गप्प झाले. वाऱ्याबद्दल मात्र त्यांचं मत ठाम पडलं. "आमच्याकडे पहाटे मतलई, दुपारी खारा. वाऱ्याला वेळापत्रक असतं रे. तुमच्या वाऱ्याला घरचं वळणच नाही!" खरंच नाही. दुपारभर पश्चिमेचा वारा डोंगरांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने येतो. सिंहगडाच्या बाजूला ढग काळवंडला की तो एकदम पडतो. शीड लोंबतं. होडीतली पोरं वर बघतात. आणि ढगातून कोसळणारी गार हवा भलत्याच दिशेने येऊन आदळते.

ती येताना दिसते, हे महत्त्वाचं. दूरवर पाण्यावर काळपट सुरकुत्यांचा एक पट्टा उठतो आणि होडीकडे सरकू लागतो. जाणता गडी तेवढ्यात शिडाची दोरी सैल सोडतो आणि अंग बाहेर झोकतो. नवखा ती घट्ट धरतो, कारण घाबरल्यावर हातात असेल ते आवळायचं हा मनुष्यस्वभाव आहे. होडी आडवी. मग होडीतले दोघं पोहत जाऊन तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभे राहतात, कडेला लोंबकळतात, आणि ती कुरकुरत सरळ होते. आत पाणी घोट्यापर्यंत. हे सगळं शिक्षणातच धरलेलं असतं, त्यामुळे कुणी रडत नाही.

रडतो तो काठ. कणीस खाणाऱ्या प्रत्येकाला शीड कधी उतरवायला हवं होतं ते नेमकं कळलेलं असतं. यातल्या बहुतेकांनी सारसबागेच्या तळ्यापलीकडे पाणी पाहिलेलं नसतं, पण त्याने मताला बाधा येत नाही. गंमत म्हणजे ज्यांना लाटांतलं खरंच कळतं ते याच गावात, 1916 साली सुरू झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शालेत बसतात. तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून यंत्राने लाटा उठवतात. समुद्रापासून शंभरेक किलोमीटरवर, घाट चढून, मुंबई बंदराची काळजी वाहणारं हे गाव आहे. त्यांना मात्र काठावरून सल्ला देताना कुणी पाहिलेलं नाही.

तेव्हा मेअखेरीस तिकडे गेलात तर ढगाकडे बघा, भजी खा, मतंही द्या. पाण्यात मात्र उतरू नका. पाणी ओसरलेल्या काठाचा गाळ पाय धरून ठेवतो, पोहणाऱ्यांनाही, आणि दरवर्षी तिथे माणसांचे जीव जातात.