स्वातंत्र्य, मालकांच्या खर्चाने

मजुराच्या स्वातंत्र्याची सर्वांत जास्त काळजी कोणाला असते? मालकाला. खोटं वाटत असेल तर १९१४ सालचं अमेरिकेतलं कोलोरॅडो बघा.

रॉकफेलर घराण्याच्या कोळसा कंपनीतले मजूर आदल्या सप्टेंबरपासून संपावर होते. मागण्या ऐका: आठ तासांचं काम, कोळसा तोलताना काट्यापाशी आपला माणूस, वाणसामान हव्या त्या दुकानातून घ्यायची मुभा आणि संघटनेला मान्यता. यातलं बरंचसं राज्याच्या कायद्यात आधीच होतं! कंपनीने घरांतून हुसकावलं, तेव्हा मजूर बायकापोरांसह तंबूत राहिले. २० एप्रिलला लडलो इथल्या त्या तंबूंवर राज्याच्या सैनिकांनी मशीनगन चालवल्या, तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली ११ मुलं आणि २ बायका गुदमरून मेली.

देशभर छीथू झाली. मग धाकट्या रॉकफेलरांनी आयव्ही ली हे जनसंपर्कतज्ज्ञ नेमले, महिना १,००० डॉलरवर. ली साहेबांनी पत्रकांचा रतीबच घातला. विषय, कोलोरॅडोतला ‘औद्योगिक स्वातंत्र्या’चा लढा. स्वातंत्र्य कसलं? संघटनेत न जाण्याचं. आग? चूल कलंडली म्हणून लागली. संघटनेचे पुढारी? त्यांचा वर्षाचा पगार नऊ आठवड्यांचा म्हणून छापला. सत्तरी ओलांडलेल्या कामगार नेत्या मदर जोन्स? त्या म्हणे पूर्वी कुंटणखाना चालवायच्या. पत्रकं जायची संपादकांना, शिक्षकांना, पाद्र्यांना. म्हणजे खाणीत कधी उतरले नाहीत, पण ज्यांच्या शब्दाला चारचौघांत वजन आहे, अशांना. पुढे चौकशी आयोगाने विचारलं, माहिती पडताळली होती का? ली साहेबांनी सरळ सांगितलं, नाही. कंपनीने दिली, आम्ही छापली.

डिसेंबरात संप मोडला. पुढच्या सप्टेंबरात धाकटे रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोत आले, मजुराचे कपडे चढवून खाणीत उतरले, खाणमजुरांच्या बायकांबरोबर नाचलेसुद्धा. वर्तमानपत्रांना अगदी भरून आलं. सोबत मजुरांसाठी एक प्रतिनिधी योजनाही आली, कंपनीनेच आखलेली, कंपनीच्याच खर्चाने चालणारी. असल्या संघटना बेकायदा ठरायला १९३५ साल उजाडलं.

तोवर मजुरांनी तक्रार तरी कशाची करायची? संघटना मागितली होती, मिळाली. फक्त ती मालकांची होती.