दीक्षारंभ

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली ‘दीक्षारंभ’ या भारदस्त नावाची मार्गदर्शिका प्रसिद्ध करून नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागताचे जणू शास्त्रच सिद्ध केले, आणि तेव्हापासून संलग्न महाविद्यालयांतून दीपप्रज्वलन, स्वागतगीत व प्राचार्यांचे प्रदीर्घ भाषण हे विधी, वरून हुकूमच असल्यामुळे, यथासांग पार पडू लागले. तालुक्याच्या गावी असा एक सोहळा पाहण्याचा योग मला आला. प्राचार्य विद्यापीठाच्या उज्ज्वल परंपरेचे वर्णन करीत असता, पहाटेच्या एस.टी.ने आलेली शेवटच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला हळूच विचारीत होती, की पासासाठी लागणारा बोनाफाइड दाखला मिळतो तरी कुठे. व्यासपीठावरील एकाही विद्वानास याचे उत्तर ठाऊक नसावे (असते तरी इतकी क्षुद्र गोष्ट भाषणात शोभली नसती). आणि ज्या शिपायास ते खात्रीने ठाऊक होते, तो मान्यवरांच्या चहाच्या बंदोबस्तात गुंतला होता. आभारप्रदर्शन आटोपताच मुले कार्यालयाच्या खिडकीकडे धावली. खिडकीला टांगलेल्या पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरांत मजकूर होता: ‘दीक्षारंभानिमित्त आज दाखले मिळणार नाहीत.’