साठ टक्के रस्ता, चाळीस टक्के पडघा

टायरच्या दुकानात हल्ली पहिला प्रश्न पैशांचा नसतो. "रोड किती, ऑफ रोड किती?" असं विचारतात आणि उत्तर टक्क्यांत लागतं. साठ-चाळीस म्हणालात तर एक नक्षी दाखवतात, ऐंशी-वीस म्हणालात तर दुसरी. हा प्रश्न अमेरिकेतच निघाला असणार. 1976 साली तिकडे बीएफ गुडरिच कंपनीने 'ऑल टेरेन' नावाचा रेडियल टायर आणला आणि तो बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यतींत पळवला. वाळवंटात बरं असतं, डांबर संपलं की रस्ता संपला. आमच्या पडघ्यात रस्ता नेमका कुठे संपतो, यावर आमच्या घरात अख्खी रविवारची सकाळ गेली. चुलीवरचं मटण तेवढ्यात खाली लागलं.

आमची पिकअप सकाळी वीटभट्टीवर जाते, दुपारी गोदामांची भाडी मारते आणि सुगीत भाताचा पेंढा तबेल्यांना पोचवते. घरात एवढं काम दुसरं कोणी करत नाही. मागचे टायर इतके गुळगुळीत झाले होते, की त्यांच्यावर कधीकाळी नक्षी होती हे आठवणीवरच मानायचं. मोटार वाहन नियमांप्रमाणे नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. ती मोजायला टायरच्या खाचांतच छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की समजायचं वेळ झाली. आमच्या टायरवर ते उंचवटे शोधूनही सापडेनात.

तर टक्केवारी. धाकटा भाऊ कागद घेऊन बसला. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. तो रोड, यावर एकमत झालं. मग आला जुना नाशिक हायवे. वडपे ते माजिवडा रुंदीकरण सुरू झालं, तेव्हापासून त्या पट्ट्यात खडी, माती, वळवलेला रस्ता आणि त्या वळवलेल्या रस्त्याचा पुन्हा वळवलेला रस्ता असं सगळं भेटत आलंय. भाऊ म्हणाला, हायवे आहे, टोल भरतो, म्हणजे रोडच. बायको म्हणाली, "भावोजी, परवा त्याच रोडवर माझ्या डब्यातली आमटी डोक्यावरून खाली आली. तो ऑफ रोडमध्ये लिहा." खडवलीकडे जाणारा रस्ता मे महिन्यात रोड आणि ऑगस्टमध्ये ऑफ रोड, अशी तडजोड निघाली. भट्टीवरची वाट वर्षभर ऑफ रोड. उलट गोदामाच्या आवारातलं काँक्रीट इतकं चकचकीत, की त्याला रोड म्हणायला आमचीच जीभ रेटेना. बेरीज निघाली साठ-चाळीस.

आबा इतका वेळ सुपारी कातरत होते. म्हणाले, "चाक जातंय तो रस्ता. नाय जात ते शेत."

पुतण्या ओमकारचं मत मीटिंगच्या आधीच पक्कं होतं. त्याला जाडजूड ठोकळ्यांचे आणि बाजूला पांढरी अक्षरं कोरलेले ऑल टेरेनच हवे होते. लडाखमध्ये त्या टायरांवर लोक बर्फातून गाड्या काढतात, याचे व्हिडिओ त्याने सगळ्यांना दाखवले. शेवटी सगळे मिळून भिवंडीला नाक्यावरच्या दुकानात गेलो. चार टायर घ्यायला आम्ही पाच माणसं.

दुकानदाराने ऑल टेरेन काढून उभा केला आणि आम्ही त्याचं अंग वाचायला लागलो. टायरच्या भिंतीवर जेवढा मजकूर असतो तेवढा आमच्या सातबाऱ्यावर नाही. 215/75 आर 15 म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या 75 टक्के, बांधणी रेडियल आणि रिम 15 इंचांची. पुढे 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ. त्याच्या शेजारी तीन शिखरांचा डोंगर आणि मधोमध बर्फाची चांदणी. कडक हिवाळ्याच्या परीक्षेत टायर पास झाल्याची ती खूण. आबांनी चांदणीवरून बोट फिरवलं. पडघ्यात बर्फ बघायचा तर गोळेवाल्याची गाडी किंवा मासळीची पेटी. तिथपर्यंत आपण पायी जातो. "या फुलाचे किती लावलेस?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. चांदणीचे वेगळे पैसे लागत नाहीत हे पटवून देता देता त्याचा चहा गार झाला.

मग आबांनी खरा प्रश्न टाकला, "वय काय?" म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायचा तर जबडा उघडून दात बघायचे, अशा शाळेत आबा शिकलेले. टायरचेही दात असतात. भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 0822 म्हणजे 2022 सालचा आठवा आठवडा, फेब्रुवारीची अखेर. रबर न वापरताही म्हातारं होतं, कडक होतं, त्याला तडे जातात. "काल आलेला माल" म्हणून दाखवलेल्या टायरचा लंबगोल आबांनी भिंग लावून वाचला आणि तो टायर मुकाट्याने आत गेला. मग दुसरा आला. त्याचे दात बरे निघाले.

तिसरी गोष्ट मात्र कोणी बघत नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी तीच बघायला हवी. मापाच्या पुढे छोटा आकडा असतो, वजनाचा. तिथे 100 लिहिलं असेल तर एका टायरने 800 किलो उचलायचे. चार टायरांचे झाले 3,200, आणि त्यात गाडीचं स्वतःचं वजन आलंच. एक वीट अडीच-तीन किलोंची. भट्टीवाला "पाचशे टाकतो" म्हणाला की झाला सव्वा-दीड टन. तो नंतर "अजून शंभर बसतील" म्हणतो, तेव्हा नक्षी ठोकळ्यांची आहे की फुलापानांची, याने काही फरक पडत नाही. ऑल टेरेनपैकी पुष्कळसे हौशी मोटारींसाठी बनलेले असतात. दिसतात पैलवान, पण त्यांचा आकडा मालवाहू टायरपेक्षा खाली निघू शकतो. विटांना पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत.

आता चिखल. आमच्या भातखाचरातली माती अशी, की आषाढात पाय घातला तर चप्पल तिची. साध्या टायरच्या बारीक खाचा तिने भरून जातात आणि चाक जागच्या जागी फिरतं. मोठ्या ठोकळ्यांत अंतर जास्त, त्यामुळे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. इथवर ओमकार बरोबर होता. पण आमची गाडी फक्त मागच्या चाकांवर ओढते आणि रिकामी असली की मागून हलकी. बांधापाशी रुतल्यावर ती काढायची गावची रीत म्हणजे वाडीतली चार पोरं हौद्यात, मागच्या फळीजवळ उभी करायची आणि "हाणा!" म्हणायचं. पोरं उड्या मारतात, चाकावर वजन येतं, गाडी निघते. एवढं करून ऑल टेरेनचा खर्च वडापावावर भागतो.

ठोकळ्यांचा त्रास पुढे समृद्धीवर. सिमेंटवर ते घुमतात, डिझेल जास्त पितात आणि भर उन्हात भराभर झिजतात. शिवाय भट्टीवरची खडी खाचांत अडकून घरी येते. बायकोच्या मते अंगणात पुरेशी खडी आधीच आहे.

या सगळ्याचं उत्तर ट्रकवाल्यांनी फार पूर्वी काढून ठेवलंय. पुढे रिब, मागे लग. रिबच्या उभ्या सरळ पट्ट्या हायवेवर गाडी हातात ठेवतात आणि लगचे आडवे ठोकळे ओढायचं काम करतात. सगळ्या भूप्रदेशांची जबाबदारी एकाच टायरवर टाकण्यापेक्षा ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. आमच्या घरातही तीच चालते: पुढे आबा, मागून आम्ही ढकलणारे. शेवटी ठरलं, पुढे मालवाहू रिब आणि मागे सेमी लग, वजनाचा आकडा दणकट.

ओमकार दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. आबांमधल्या आजोबांचं काळीज पाघळलं. "त्याला एक घेऊन दे रं," ते म्हणाले. एक टायर घेऊन काय करणार? तर स्टेपनी. माप तेच, अक्षरं पांढरी. दुकानदाराने ती आमच्या पिकअपच्या पोटाखाली साखळीने आवळली. तिथे ती अक्षरं पाहायची सोय फक्त मेकॅनिकला आणि गावच्या कुत्र्यांना.

दरम्यान टक्केवारीचा कागद शिळा झाला. आमच्या शेजारचं खाचर, जिथे दरवर्षी गाडी रुतायची, ते गोदामाला गेलं. भराव पडला, पेव्हर ब्लॉक बसले, फाटकावर शिट्टीवाला वॉचमन आला. चाळीसातले दहा टक्के ऑफ रोड एका खरेदीखताने रोड झाले. पावसात हायवेच्या वळवलेल्या रस्त्याने ते भरून काढले, म्हणून बेरीज जमली.

आणि मग मागच्या डाव्या चाकात खिळा गेला. भावाने टामी लावली, स्टेपनी उतरवली आणि चिखल पुसल्यावर पांढरी अक्षरं पहिल्यांदा उजेडात आली. एकाच ॲक्सलवर दोन जातींच्या नक्ष्या पळवू नयेत, गाडी ओल्यात एका बाजूला ओढते. हे मी सांगितलं, पंक्चरवाल्यानेही सांगितलं. ओमकारने डाव्या बाजूने गाडीचे भरपूर फोटो काढले. पंक्चर केव्हाच निघालंय. पंक्चरवाला रोज विचारतो, टायर कधी नेताय. ओमकार त्याला सांगतो, "घाई नाय काका, तुमच्याकडंच राहू दे."